पहिलं नाव विचारून छापलं नव्हतं

अक्का, पत्रक लिहायला शिकले तेव्हा पहिला धडा हा मिळाला होता: अन्याय कुणावर झाला आणि कधी झाला, हे पहिल्या दोन ओळींत आलं पाहिजे. लोक तिसरी ओळ वाचत नाहीत. तर तेच आधी.

अन्याय झाला सुजातावर. मुरगूडची लेक. कोल्हापुरात एका शिक्षणसंस्थेच्या मागच्या इमारतीत अकरा वर्षं संध्याकाळचा स्पॅनिशचा वर्ग चालवणारी. अन्याय झाला गेल्या श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी, सकाळी साडेदहाला, संस्थेच्या फाटकासमोर. आणि करणारा कुणी सचिव नव्हता, प्राचार्य नव्हता, सरकार नव्हतं. मी होते. शीतल. तुझी विद्यार्थिनी. हातात गुलाबी पत्रकांचा गठ्ठा घेऊन उभी होते आणि मला वाटत होतं, मी तुझ्यासाठी लढतेय.

इतकी वर्षं ह्या जागेवर मी दुसऱ्यांची नावं लिहिली. पोलिसांची, अधिकाऱ्यांची, ठेकेदारांची. आज स्वतःचं लिहिताना हात अडखळतोय असं लिहिणार होते, पण तू म्हणाली असतीस, "रडगाणं नको, वाक्य पुरं कर."

पुरं करते.

तू जाऊन आज बारा दिवस झाले. डेंगीनं, पाच दिवसांत. दवाखान्याचं मी काही लिहिणार नाही, कारण मी तिथं नव्हते. जिथं मी होते तेवढंच लिहिते.

तुझ्या वर्गात मी शिकायला आलेच नव्हते. आमच्या चंदगडकडं जाणारी संध्याकाळची एसटी बंद केली होती, म्हणून वर्गावर्गात जाऊन पत्रकं वाटत होते. मागच्या इमारतीत दिवा दिसला, घुसले. सात माणसं बसलेली. फळ्यावर मला न कळणारं काहीतरी.

"एक मिनिट मॅडम, विद्यार्थ्यांशी बोलायचंय."

"बोल की." तू पत्रक हातात घेतलंस, उलटं केलंस. "एकाच बाजूला छापलंयस न्हवं?"

"हो."

"मग प्रत्येकाला दोन दोन दे. मागच्या बाजूला आज क्रियापदं लिहायची हायत. इथं वह्या कुणी आणत न्हाय."

मला राग आला. एवढं तळमळीनं लिहिलेलं पत्रक, आणि ही बाई त्याची पाठ वापरणार! जायला वळले तर पुढच्या बाकावरचे पाटीलमामा म्हणाले, "अगं बस की पोरी, उभ्या उभ्या काय बघतीस? फुकट हाय."

पाटीलमामा बिद्रीकडचे. साखर कारखान्यातनं रिटायर झालेले. लेक लग्न करून स्पेनला गेली, तिथं नात झाली, आणि नातीला मराठी येईना. म्हणून वयाच्या चौसष्टाव्या वर्षी आठवड्यातनं तीनदा बसनं यायचे, डोक्याला टोपी आणि पिशवीत तुझ्यासाठी भाजी. त्या दिवशी तू फळ्यावर लिहिलं होतंस: कासार्से कोन, म्हणजे लग्न करणे. त्या क्रियापदाच्या पाठीमागं 'कोन' हा शब्द ठरलेला, आपल्या 'सोबत'सारखा.

"लग्न कोन?" मामा म्हणाले. "बाई, हे तर आमच्यातल्या म्हाताऱ्यावानी बोलतंय. पोरगं म्हणतंय लग्न करतो, की पहिला प्रश्न, कोण?"

सगळा वर्ग हसला. तूही. खडू हातातनं पडला तुझ्या. मी बसले ती बसलेच. एसटी पुढं महिन्यानं सुरू झाली, तरी मी येतच राहिले.

तो धडा सगळ्यांत अवघड, असं तूच म्हणायचीस. ज्या क्रियापदांच्या शेवटाला 'से' येतं ती. करणाऱ्याचं कर्म करणाऱ्याकडंच वळणारी. आणि वर प्रत्येकाच्या मागं एक ठरावीक छोटा शब्द, 'दे' नाहीतर 'कोन' नाहीतर 'आ', 'एन', 'पोर'. का 'दे' आणि का 'कोन', ह्याला नियम नाही. तू सांगायचीस, "नियम शोधू नका. घरात सून आली की तिच्याबरोबर तिची पेटी येते, तसं हाय हे. पेटी बाहेर ठेवून सून आत घेता येत न्हाय." आणि आठवड्याला प्रत्येकाला एक क्रियापद वाटून द्यायचीस. ते आठवडाभर त्याचं. येताजाता त्याची खरी वाक्यं करायची, खोटी चालायची नाहीत. मामांना दिलंस 'आकोर्दार्से दे', आठवण येणे. आठवडाभरानं त्यांनी उभं राहून नातीची आठवण येते एवढं एकच वाक्य म्हटलं, शब्द न चुकता, आणि मग बराच वेळ टोपी नीट करत बसले.

मला दिलंस 'केहार्से दे'. तक्रार करणे. वर्ग खो खो हसला.

मी भांडले. आठवतंय? म्हटलं, हे चुकीचं आहे. तक्रार दुसऱ्याविरुद्ध असते. ती माझ्याकडं कशाला वळेल? अन्याय करणारा तिकडं, मी इकडं, मधे तक्रार. ह्यात 'स्वतःला' कुठं आलं?

"तक्रार करणारा तक्रारीत नसतो म्हणतेस?"

"नसतोच. तो फक्त दाखवतो."

"मग तू भांग पाड, आणि आरशाला म्हण मी न्हाय त्यात."

त्यावर मी ती भाषाच भांडवलशाही आहे असं काहीतरी बोलले. तू म्हणालीस, "असंल. पण परीक्षेत 'दे' लिही." हा वाद आपण दोन वर्षं घातला. रंकाळ्यावर, बसस्टँडवर, तुझ्या स्कूटीवर मागं बसून. एकदा तू मला विचारलंस की तुझ्या पत्रकांत 'आम्ही' एवढ्या वेळा येतं, त्यात नेमकी किती माणसं असतात? मी म्हटलं, सगळी. तू म्हणालीस, "सगळी म्हणजे कोण कोण?" मला तो प्रश्न खवचट वाटला होता.

मध्येच कधीतरी मॅडमची अक्का झालीस. माझ्या सख्ख्या बहिणीला मी तुझ्याएवढी नावं ठेवली नाहीत, आणि तिचं तुझ्याएवढं ऐकलंही नाही.

आता श्रावण.

संस्था तुला दर वर्षी नेमणुकीचं पत्र द्यायची. दर वर्षी उशिरा. ह्या वर्षी आलंच नाही. मागच्या इमारतीतली खोली स्पर्धा परीक्षेच्या वर्गाला द्यायची असं कानावर आलं. चहा पिताना तू मला एवढंच सांगितलंस: "पत्र अजून न्हाय. बोलणं चाललंय. तू थोडी थांब." मला 'पत्र न्हाय' ऐकू आलं. 'थांब' ऐकू आलं नाही. अकरा वर्षं राबवून घेतात आणि कागद देत नाहीत! दोन दिवसांत पत्रक तयार. त्यातलं एकेक वाक्य आजही मला खरं वाटतं, अक्का. संस्था चुकली होती, ते मी मागं घेत नाही.

चूक खाली होती. पत्रकाच्या तळाला, जिथं नावं असतात.

आमच्यात नावं विचारून टाकत नाहीत. हे बाहेरच्याला पटणार नाही, पण आपल्या जिल्ह्यातल्या माणसाला पटेल. लग्नपत्रिकेत भावकीची नावं कोण विचारून घालतं? नाव राहिलं तर माणूस रुसतो, जेवायला येत नाही, पोराच्या लग्नात त्याचा वचपा काढतो. नाव घातलं म्हणून रुसलेला माणूस मी पाहिलेला नाही. चौकातल्या वाढदिवसाच्या डिजिटल फलकावर शुभेच्छुकांचे तोंडभरून फोटो असतात, त्यातल्या निम्म्यांना तिथनं जातानाच कळतं की आपण शुभेच्छा दिल्यात. आमची पत्रकंही तशीच. आपल्या माणसाला विचारणं म्हणजे त्याला परकं करणं. मी कुणालाच विचारलं नाही. तुझं नाव मात्र मानानं पहिलं टाकलं, ठळक अक्षरात.

सोमवारी साडेदहाला ते वाटलं. त्याच सोमवारी बारा वाजता सचिवांनी तुला बोलावलं होतं. पत्र द्यायला. खोली तुझ्याचकडं ठेवायचं ठरलं होतं. चार महिने तू त्यांच्या दाराशी बसून, फाइल घेऊन, एकेकाला समजावून ते ठरवून आणलं होतंस. मला हे मंगळवारी कळलं, तुझ्याकडनंच.

"त्यांनी पत्रक टेबलावर ठेवलं," तू म्हणालीस. "विचारलं, मॅडम, हे नाव आपलंच? मी म्हटलं, माझंच."

"अगं, मला न विचारता टाकलं म्हणायचं की!"

"आणि? 'ती पोरगी लोकांची नावं न विचारता छापते', हे गेटवरच्या वॉचमनपर्यंत गेलं असतं. उद्या तुझ्या पत्रकाला कोण हात लावणार हाय?"

तू खुर्ची पुढं ओढलीस.

"ते मी सांगायचं नव्हतं, शीतल. तू सांगायचंस. जा. सचिवांना भेट, न्हायतर दुसरं पत्रक काढ. एकच ओळ: पहिलं नाव विचारून छापलं नव्हतं."

मी तेव्हा काय बोलले ते इथं जसंच्या तसं लिहिते, कारण इतरांची वाक्यं मी नेहमी जशीच्या तशी छापते. मी म्हटलं, "अक्का, आता माघार घेतली तर चळवळीचं हसं होईल."

"आणि माझं झालंय ते?"

"तू घाबरतीस."

तू टेबलावरचे पेपर सारखे केलेस. मग आवाज न चढवता म्हणालीस, "अकरा वर्षं त्या स्टाफरूममध्ये मी आवाज चढवलेला न्हाय. कारणं नव्हती असं न्हाय. पण 'ही माणसं भांडायलाच येतात' हे वाक्य पहिल्या दिवसापासनं त्यांच्या ओठांवर तयार होतं. मी ते बाहेर पडू दिलं नव्हतं. तू छापून दिलंस."

मला खरंच कळलं नाही, अक्का. त्या क्षणी नाही. मी चंदगडच्या शेतकरी मराठ्याची पोरगी. मी फाटकावर ओरडले तर लोक म्हणतात, पोरगी धाडसाची हाय. माझ्या आडनावाला ते वाक्य चिकटतच नाही. तुझ्या आजोबांनी दीक्षा घेतली, बापानं शिकवलं, तू स्वतःच्या हिमतीवर परक्या देशाची भाषा शिकून आलीस, आणि तरी दर सकाळी त्या खोलीत शिरताना तुला ते वाक्य दाराबाहेर थोपवून धरावं लागत होतं. मी तुझ्या स्कूटीवर मागं बसून समतेवर बोलायचे. तू आरशातनं बघून हसायचीस. आता वाटतं, तेव्हाच थांबवून थोबाडीत द्यायला हवी होतीस. पण ते कामही तू का करायचं?

मी उठून आले. दार आपटून आले, हेही लिहिते.

पत्र मिळालं नाही, खोली गेली. तू वर्ग तुझ्या भाड्याच्या घरात नेलास. सातातले चार आले. मामा आले. मी गेले नाही. मी इतकी कामात आहे असं सगळ्यांना सांगत होते, की शेवटी खरंच कामात राहिले. दिवाळीच्या आधी तुझा मेसेज आला: "स्पॅनिशच्या परीक्षेच्या फॉर्मची शेवटची तारीख शुक्रवार. तुझा फोटो माझ्याकडं हाय, सही तेवढी लागंल. ये." त्यात रागाचा एक शब्द नव्हता. मी तो वाचला. तुला दिसलं की मी वाचला. उत्तर दिलं नाही. मला वाटत होतं, गेले की तो विषय निघणार. तुझ्यासमोर उभं राहून 'चुकलं' म्हणावं लागणार. ते टाळण्यासाठी मी परीक्षा सोडली. फाटकाफाटकावर मी लोकांना न घाबरण्याची शपथ देते, आणि एका बाईच्या स्वयंपाकघरात जायला मला धीर झाला नाही.

तू शिकवायचीस की ही माणसं एखाद्यावर रागावत नाहीत, एखाद्या'सोबत' रागावतात. एन्फादार्से कोन. मामा म्हणाले होते, हे बरं हाय, भांडताना बी एका बाकावर. अक्का, तू तशीच रागावलीस. बाकावर सरकून जागा ठेवलीस. मीच उठून गेले. पण हे असं व्याकरणात नीट बसवून मी मोकळी होणार नाही. मला बोलवलं होतं आणि मी गेले नाही. एवढंच घडलं.

तुझं पुण्यानुमोदन झालं त्या दिवशी मुरगूडला आले. पांढरे कपडे नव्हते, मैत्रिणीचे घातले. मागं बसले. तुझ्या भावानं मला ओळखलं नाही. बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाज वाटली. वंदना झाली. मग लोक बोलायला उभे राहिले. मामांनी तुझ्याबद्दल तीन वाक्यं स्पॅनिशमध्ये म्हटली. कुणाला काही कळलं नाही, तरी सगळे डोळे पुसत होते.

मग संस्थेतले एक सर उठले. वाईट माणूस नव्हे. हात जोडून म्हणाले, "मॅडम फार हुशार. आमच्याकडं अकरा वर्षं होत्या. फक्त शेवटी शेवटी जरा भांडणाचा स्वभाव झाला, ते पत्रकबित्रक... पण असो. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये."

तुझ्या आईनं मान खाली घातली.

मामा मागं वळून माझ्याकडं बघत होते. ओठ हलवून म्हणाले, "ऊठ की."

माझा आवाज माइकशिवाय दसरा चौकाच्या ह्या टोकाचा त्या टोकाला जातो, अक्का. मी त्या खोलीत, पंधरा फुटांवर, तुझ्या आईसमोर उठले नाही. ते सर बसले, दुसरं कुणीतरी बोलायला लागलं, आणि वेळ गेली. बाहेर चपला घालताना मामा म्हणाले, "एक वाक्य हुतं पोरी. एकच." त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर सोसलं असतं. ते पिशवीतनं मेथीची जुडी काढून माझ्या हातात देऊन गेले. तुझ्यासाठी आणायची सवय मोडली नव्हती त्यांची.

तुझी मी किती देणेकरी आहे ते मांडायला बसले तर तू झोपशील. मला वाक्य कापायला तू शिकवलंस. उद्गारचिन्हं कमी कर म्हणालीस, केली. माझ्या पत्रकात चुकून एखादा माणूस माणसासारखा दिसत असेल, तर ती तुझी 'खरी वाक्यं, खोटी चालणार न्हायत'ची कृपा. मी तुझ्याकडनं घेत गेले आणि एक गोष्ट, जी तू तोंड उघडून मागितलीस, ती दिली नाही. एक ओळ. चार महिने माझ्याकडं वेळ होता. छापखाना होता, कागद होता, गुलाबी सोडून पिवळाही होता.

आज देतेय. आता देण्यात काही शौर्य नाही, ठाऊक आहे. खोली परत मिळणार नाही, पत्र येणार नाही, आणि तू ह्यातलं काही वाचणार नाहीस. तुला उद्देशून लिहितेय खरं, पण तुला सांगायची वेळ दिवाळीआधीच्या शुक्रवारीच संपली. तुझ्या आईला मात्र परवा जाऊन सांगणार आहे. हा कागद पाठवून नाही, समोर बसून. त्या बोलू देतील का, माहीत नाही.

आता जरा तुझ्याकडं पाठ करते, अक्का.

वाचणाऱ्यांनो, श्रावणातल्या त्या सोमवारी संस्थेच्या फाटकावर, बसस्टँडवर, चहाच्या गाड्यांवर जे गुलाबी पत्रक तुमच्या हातात आलं, त्यातलं पहिलं नाव विचारून छापलं नव्हतं. सुजातानं ते लिहिलं नाही, वाचलं नाही, मागितलं नाही. ती ओळ तिची नव्हती, माझी होती. हे तुम्ही वाचलंत आणि घडी घालून ठेवलंत तर मी पुन्हा तेच केलं, नुसता कागद वाटला. म्हणून मागणी करतेय. त्या स्टाफरूममध्ये, त्या गल्लीत, मुरगूडच्या बाजारात, कुणीही कधीही म्हणालं की बाई हुशार होती पण भांडखोर होती, तर त्या माणसाला तिथंच थांबवा. मी बसून राहिले तसे बसून राहू नका. उभं राहा आणि चारचौघांत माझं नाव सांगा. त्यासाठी मला विचारायची गरज नाही.